खांद्याला पेलेल असं लाकूड

ऑगस्ट अर्धा सरला की आमच्या हॉलमधल्या भिंतीवरचा आर्द्रतेचा काटा ऐंशीच्या खाली यायचं नाव घेत नाही. एव्हरशाईन सिटीतल्या या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार चौकटीत अडायला लागतं, बरणीतलं मीठ ओलं होतं, कपाटामागच्या प्लायवर बुरशीचे करडे ठिपके उमटतात. बायको म्हणते, काटा बघून काय होणार आहे, हवा कळते ना अंगाला? कळते. तरी मी आकडा बघतो. कारखान्यात तपासणी विभागात आयुष्य गेलं, आकडा बघितल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

आणि मग एखाद्या रविवारी मी स्कूटर काढतो आणि वटारला जातो.

वटारला पास्कूचं घर आहे. पुढे अंगण, मागे वाडी, वाडीत केळी आणि पानवेलीचे मांडव. आतल्या खोलीत भिंतीला एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली आहे. मी तिच्या तारा थोड्या सैल करतो, मान वाकली आहे का हे पट्टी लावून बघतो, मानेच्या आतली लोखंडी सळई किल्लीने जराशी फिरवतो. दमट हवेत लाकूड फुगतं, हिवाळ्यात आवळतं. गिटार वाजत असो वा नसो, हे करावं लागतं. त्याची बायको फिलू वहिनी चहा आणून ठेवते आणि म्हणते, "भाऊजी, कोण वाजवतंय आता ती?" मी म्हणतो, "तरी." पास्कू जाऊन आता दोन पावसाळे झाले.

पास्कू आणि मी एकाच कारखान्यात होतो. तो मशीन दुरुस्तीला, मी तपासणीला. लग्नाच्या हंगामात तो गावच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, आणि विकत घेतलेली गिटार त्याला कधी पटली नाही. म्हणून आम्ही बनवायला लागलो. वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड तो कापायचा, आतलं वायरिंग मी करायचो. पहिली प्लायवुडची होती, तिला मान बसवायला गेलो तेव्हा ती थरांमधून उकलली. दुसरी आंब्याची, तिला भुंगा लागला. तिसरीपासून बऱ्या व्हायला लागल्या. मला तो "मापाडी" म्हणायचा. "मापाड्या, किती भरलं?" हा त्याचा नेहमीचा प्रश्न, कारण प्रत्येक फळी मी वजन करून, ओल मोजून, खडूने तिच्यावरच आकडे लिहून ठेवायचो.

आमचं एक जुनं भांडण होतं. मी म्हणायचो, इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारेखालच्या चुंबकातून येतो. लाकूड शिसवी आहे की आंब्याचं, हे स्पीकरला कळत नाही. तो म्हणायचा, "स्पीकरला नाय कळत. माझ्या बरगडीला कळतं." गिटार पोटाशी धरली की लाकूड थरथरतं, ते लोकांना ऐकू येत नाही, वाजवणाऱ्याला लागतं. "लाकूड माझ्यासाठी असतं रे. स्पीकर वऱ्हाड्यांसाठी." मी हसायचो. मोजता येत नाही ते मी मानत नसे.

ती लाल गिटार केली त्या वर्षी उन्हाळ्यात एका लग्नात वाजवताना त्याची डाव्या हाताची करंगळी तारेवरून घसरली. मग अनामिका. मग शर्टाचं बटण लागेना. तपासण्या झाल्या, मोठ्या इस्पितळात दाखवलं. स्नायू हळूहळू वाळत जाण्याचा आजार, डाव्या हातापासून सुरू झालेला, पुढे सगळीकडे जाणारा. मी घरी येऊन त्या आजाराचे आकडे वाचले. ते इथे देत नाही. पास्कूलाही तेव्हा सांगितले नाहीत. त्याने विचारलेच नाहीत.

त्याने दुसरंच सांगितलं. पाऊस स्थिरावला होता, शेडच्या पत्र्यावर एकसुरी वाजत होता. तो म्हणाला, "आणखी एक गिटार करायची. ही कुणाला द्यायची नाय. मी वाजवणार. डावा हात आहे तोवर."

म्हणजे त्याच पावसाळ्यात. लाकूडकामाला वर्षातला सगळ्यात वाईट काळ. ओल उतरत नाही, सरस धरत नाही, पॉलिश पांढरं पडतं. शहाणा माणूस दिवाळीपर्यंत थांबतो. आम्हाला थांबता येत नव्हतं.

सुरुवात शिसवीने झाली, कारण पास्कूला आयुष्यभर शिसवीची गिटार हवी होती. लाकडाच्या वखारीत मालक करसनभाईंनी एक फळी काढून दिली. काळपट तपकिरी, जांभळ्या रेषांची, हात फिरवला तर थंडगार. पास्कूने उजव्या हाताच्या बोटांनी तिच्यावर टकटक केलं, कान लावला. करसनभाई म्हणाले, "शेठ, लाकूड आहे, मोबाइल नाय. कोण बोलते का आतून?"

"बोलते ना," पास्कू म्हणाला. "बोलते, करसनभाई जास्ती भाव लावते."

आम्ही फळी आणली. मी हिशेब मांडला: नेहमीच्या आकाराचं गिटारचं अंग या लाकडाचं केलं तर तीन किलो, मान आणि खुंट्या वगैरे धरून साडेचार. पास्कू म्हणाला, बघू तरी. आम्ही फळी गिटारच्या आकाराची अंदाजे कापली, जुना पट्टा लावला आणि त्याच्या गळ्यात अडकवली. तो उभा राहिला. डावा खांदा खाली गेला, मग अंग त्या बाजूला झुकलं, मग त्याने टेबल धरलं. फिलू वहिनी दारात उभी होती. पट्टा मी काढला. पास्कू म्हणाला, "भारी आहे. बोनाला देऊ, त्याचं पोट आहे तोलायला." बोना म्हणजे त्यांच्या बँडचा कीबोर्डवाला, पोट असलेला आणि गिटार न येणारा.

मग सागवान. घराच्या जुन्या खिडक्या काढल्या होत्या, त्यांच्या चौकटी शेडमध्ये पडून होत्या. पूर्ण सुकलेलं, तेलकट, मधाच्या रंगाचं लाकूड, ओल अकरा टक्के. त्या पावसातसुद्धा अकरा! मी खूश झालो. त्यातून मान तर उत्तम निघाली. अंगासाठी तीन तुकडे सरसाने जोडले. हे सगळं होईपर्यंत दोनेक आठवडे गेले असतील, आणि जोडलेलं लाकूड गळ्यात अडकवून बघितलं तर शिसवीच्या वेळी जे झालं तेच पुन्हा झालं. लाकूड पाऊण किलोने हलकं होतं. तरी खांदा तेवढाच खाली गेला.

त्या दिवशी मला जे समजलं, ते मी बोललो नाही. लाकडं मी मोजत होतो, पण काट्याच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे आणि ते किती वेगाने उतरतंय, हे फळीवर खडूने लिहिता येत नव्हतं. पास्कूनेच ते म्हटलं. तो खुर्चीत बसून दम खात होता, आणि मी सवयीने सागवानाचा तुकडा पुन्हा काट्यावर ठेवला. "लाकूड तेवढंच भरंल रे मापाड्या," तो म्हणाला. "मला ठेव त्याच्यावर एकदा."

फणसाची गोष्ट सांगायला मला जड जातं. रस्ता रुंद होताना वाडीच्या कडेचा फणस पाडला होता, पास्कूच्या बापाने लावलेला. त्याची एक जाड फळी पास्कूने ठेवून घेतली होती. ताज्या फळीच्या टोकांतून ओल भराभर उडाली तर ती तडकते, म्हणून टोकांना मेण लावतात. पास्कूने गावच्या क्रुसापाशी लोकांनी लावलेल्या मेणबत्त्यांची उरलेली बुडखी गोळा करून, ती डब्यात वितळवून फळीच्या दोन्ही टोकांना लावली होती. त्यामुळे त्या फळीची टोकं पांढरी, निळी, गुलाबी होती, आणि मधे फणसाचा तो हळदीसारखा पिवळा. मृदंग करतात त्या लाकडाचा. शिसवीवर त्याचा हट्ट होता, या फळीवर जीव होता.

मी ओल मोजायच्या मापकाच्या सुया टोचल्या. एकोणीस टक्के.

बारा हवे. एकोणीस टक्क्यांचं लाकूड वापरलं तर ते पुढे आवळतं, पिळतं, मानेचा सांधा सुटतो. पास्कूला हे माझ्याइतकंच माहीत होतं. त्याने आकडा बघितला आणि फळी पुन्हा भिंतीला आडवी टेकवली, खाली दोन पट्ट्या ठेवून, हवा खेळेल अशी.

"ही पुढच्या उन्हाळ्यात होईल," तो म्हणाला.

वहिनी विड्याची पानं पुसत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

गेल्या मे महिन्यात मी ती फळी मोजली. साडेअकरा. सरळ, न तडकलेली, टोकांवर मेण तसंच. शेडमध्ये ती आडवीच आहे. मी काही करणार नाही तिचं. पण मोजली.

करसनभाईंच्या वखारीतून शेवटी शिवणीच्या झाडाची फळी आली. फिकट, जवळजवळ पांढरी, रेषा पुसट, दिसायला काहीच नाही. पण कितीतरी वर्षं माळ्यावर पडून सुकलेली आणि सागवानापेक्षा निदान पाव हिस्सा हलकी. करसनभाई पास्कूकडे न बघता मला म्हणाले, "हे घेऊन जा. पसंत नाय पडला तर परत आणा." यावेळी त्यांनी विनोद केला नाही. पास्कू रिक्षात बसून होता. वखारीच्या पायऱ्या तोवर त्याला नकोशा झाल्या होत्या.

आम्ही अंग पातळ केलं, पंचेचाळीस मिलिमीटरचं अडतीस. आतून पोकळ्या काढल्या, जिथे जिथे लाकूड नसलं तरी चालेल तिथून काढलं. कटर आता मी धरायचो, तो खुर्चीतून सांगायचा. "तिथे नको. ब्रिजखाली, तारा टेकतात तिथे, लाकूड राहू दे, तिथून बरगडीला लागतं." प्रत्येक खेपेला मी वजन सांगायचो. दीड किलो. एक पूर्णांक तीन. एक पूर्णांक एक. आकडा उतरला की आमच्या दोघांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. आता तो चेहरा आठवतो तेव्हा वाटतं, एवढ्या आनंदाने कुणी काही पोखरलं नसेल.

रंगाचं वेगळं दुखणं. पास्कूच्या सगळ्या गिटारी लाल होत्या. कडांना गडद, मधे चेरीसारख्या, वर लॅकरची काच. ते लॅकर थिनरमध्ये पातळ करून फवारतात. आम्ही एका तुकड्यावर फवारून बघितलं. हवेतली ओल लॅकरमध्ये अडकली आणि लाल रंगावर दुधाची साय धरावी तसा थर आला. ते मी पुन्हा घासून काढलं असतं. पण थिनरच्या वासाने पास्कूला खोकला आला, आणि तो खोकला त्याला पुरा करता येईना. छातीत जोरच नव्हता. अर्धवट खोकला, मग श्वास, मग पुन्हा अर्धवट. वहिनीने डबा उचलला आणि वाडीत नेऊन ठेवला. आत येऊन मला म्हणाली, "भाऊजी, पॉलिश या घरात करायचं नाय. तुमच्या घरी न्या नाहीतर तशीच राहू दे."

जवसाचं तेल थिनरसारखा वास करत नाही, पण त्या हवेत महिनाभर चिकट राहतं. उरला चपडा. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचे. लग्नात मिळालेल्या जुन्या कपाटांना करतात तसं. त्यात लाल रंगाची पूड घातली. अंग चादरीत गुंडाळून मी स्कूटरवर घरी आणलं आणि आमच्या गॅलरीत ते काम केलं. आर्द्रतेचा काटा सत्तरच्या खाली आला की बोळा हातात घ्यायचो, वर गेला की थांबायचो. पहिले थर शिवणीने पाण्यासारखे पिऊन टाकले, नुसता मळका गुलाबी डाग दिसत होता. मग हळूहळू लाल भरायला लागला. कारखान्यातून आलो की कपडे न बदलता गॅलरीत जायचो. बायको एकदा म्हणाली, "इतकी घाई आहे?" मग तिच्याच लक्षात आलं आणि ती आत गेली.

खालच्या कडेला एक दुधाळ ढग राहिलाच. हाताच्या पंजाएवढा. मी तो पास्कूला आधी दाखवला, लपवून उपयोग नव्हता. त्याने बघितलं. "राहू दे," तो म्हणाला. "पावसाळ्यातली आहे म्हणून कळंल."

जोडणी त्याच्यासमोर झाली. सागवानी मान बोल्टने बसवली, तारा सगळ्यात बारीक लावल्या, फरशीवर पडल्या तर दिसणार नाहीत इतक्या. तारांची उंची दीड मिलिमीटरच्याही खाली आणली, बोटाने नुसतं टेकवलं तरी सूर निघावा म्हणून. काट्यावर ठेवली. अडीच किलो. शिसवीपेक्षा दोन किलोने कमी. मी तो आकडा मोठ्याने वाचला.

पास्कू वहिनीच्या आधाराने उभा राहिला. मी पट्टा त्याच्या खांद्यावर घातला आणि हात काढला.

गिटारची मान खाली गेली. सरळ जमिनीकडे, नळ खाली वळावा तशी.

अंग आम्ही इतकं पोखरलं होतं की सागवानी मान आणि तिच्या टोकाच्या सहा लोखंडी खुंट्या आता त्याला जड झाल्या होत्या. साऱ्या पावसाळ्यात आम्ही वजन बघितलं, तोल बघितलाच नाही. आणि अशा गिटारची मान वर धरून ठेवायची असेल, तर ती डाव्या हाताने धरावी लागते.

पास्कूने डावा हात मानेखाली घातला. हात आणि मान दोन्ही मिळून सावकाश खाली आले.

तो खुर्चीत बसला तेव्हा मला वाटलं तो रडेल. तो हसायला लागला. "दोन शहाणे," तो म्हणाला. "दोन शहाणे, आणि एक गिटार डोक्यावर पडते!" हसताना त्याला श्वास पुरेना, वहिनी पाठीवर हात फिरवत राहिली. मग तो म्हणाला, "मागे वजन घाल."

कळंबला किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या एका ओळखीच्या कोळ्याकडे मी शिसं मागितलं. जाळ्याच्या खालच्या दोरीला लावतात त्या शिशाच्या गोळ्या. तो म्हणाला, "एवढं शिसं कशाला? जालं हाय का तुमच्याकडं?" मी म्हटलं, गिटारमध्ये घालायचंय. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मग ती पान्यात बुडंल," तो म्हणाला आणि मूठ भरून दिलं.

तयार लाल पॉलिशमधून, त्या पांढऱ्या ढगाच्या मधोमध, मी तीन भोकं पाडली. गोळ्या ठोकून चपट्या केल्या आणि एकेक घातली. प्रत्येक गोळीनंतर गिटार पट्ट्याला टांगून बघायचो. मान खाली. मान खाली. थोडी वर. मान खाली. मग कुठेतरी ती आडवी थांबली. तीनशे ग्रॅम. इतके आठवडे ग्रॅम-ग्रॅम काढला आणि शेवटी मच्छीमाराचं शिसं भरलं. वरून शिवणीचेच गोल तुकडे बसवले. ते आजही दिसतात, लाल अंगावर तीन फिकट टिकल्या.

आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या त्या आठवड्यांत, आमच्या इकडच्या ख्रिस्ती गावांत लग्नं होत नाहीत. त्याच्या आधी एका संध्याकाळी बँडची मंडळी सरावाला पास्कूच्या अंगणात जमली. पाऊस केव्हाच गेला होता, हवा कोरडी झाली होती, तारा आता हवामानामुळे बिघडणार नव्हत्या. पास्कूने मला तारा वेगळ्या पट्टीत लावायला सांगितल्या. अशा की डावा हात न लावता सहाही तारा छेडल्या तर एक पूर्ण कॉर्ड, सुरांचा अख्खा मेळ, वाजावी, आणि दुसऱ्या कॉर्डसाठी एकच बोट आडवं टेकवलं की पुरावं. एक बोट. तेवढं जमेल असा त्याचा हिशेब होता.

वहिनीने त्याला उभं केलं आणि पाठीमागून कमरेला धरलं. मी पट्टा घातला. मी आणि पास्कूने हात काढले तेव्हा गिटार आडवी राहिली, कुणी न धरता. त्याने खाली बघितलं. मग उजवा अंगठा सहा तारांवरून ओढला.

बोनाने कीबोर्डवर साथ धरली. लग्नात नवरी मांडवात येताना वाजवायची ती चाल. ढोलकीवाल्याने हळू ठेका दिला. चालीला दोन कॉर्ड लागतात. पहिली झाली. दुसरीच्या जागी पास्कूचा डावा हात कोपरातून उचलला गेला, मानेपर्यंत आला, बोट तारांवर पडलं, आणि तारा नुसत्या खरखरल्या. दुसऱ्या फेरीला हात अर्ध्यात राहिला. तिसऱ्या फेरीला तो उठला नाही.

बोना थांबला नाही. त्याने दुसरी कॉर्ड सोडून दिली. सगळी चाल त्याने त्या एकाच कॉर्डभोवती फिरवायला सुरुवात केली, जिथे दुसरी यायची तिथे नुसती जागा ठेवून. ढोलकीवाल्याला ते कळलं, त्याने त्या जागी ठेका मऊ केला. पास्कू छेडत राहिला. डोळे मिटून, हनुवटी खाली करून, पोटाशी लागलेल्या लाकडाकडे कान दिल्यासारखा. मी बाजूला उभा होतो. गिटारच्या खालच्या कडेवर मी दोन बोटं ठेवली, आवाज कुठे जातोय ते बघायला. बोटांना थरथर लागत होती. ती मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

चाल किती वेळ चालली मला माहीत नाही. मी घड्याळ बघितलं नाही. मग उजवा हातही मंद झाला, एक तार छेडायची सुटली, मग दोन सुटल्या.

"जड होतेय का?" मी विचारलं.

"नाय रे," तो म्हणाला. "वजन बरोबर आहे. आता उतरव."